ऊर्मिला तुम्ही नाही, तुमची जाऊ आहे

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या बाई मूळच्या नाशिकच्या, शिक्षणानं आर्किटेक्ट. नवऱ्याच्या नोकरीपायी ओहायोत येऊन ९ वर्षं झाली. त्यातली पहिली ५ वर्षं एच-४ व्हिसावर, म्हणजे घरात बसून, कारण कामाची परवानगी नव्हती. त्या रिकाम्या दुपारींत त्यांनी ऊर्मिलेवर इंग्रजीत कादंबरी लिहायला घेतली, ती आता ३०० पानांची झाली आहे. तिकडच्या लेखनगटातल्या एका बाईंनी वाचून विचारलं, ‘ही नवऱ्याला सोडून का जात नाही?’ आई फोनवर म्हणते, ‘देवादिकांच्या वाटेला जाऊ नकोस.’ आणि स्वतः लेखिकेला आपली ऊर्मिला खोटी वाटते. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘इतकी वर्षं बाहेर राहून ही गोष्ट सांगायचा मला हक्क आहे का?’

मी मिरजेची. न्यू जर्सीत येऊन ३१ वर्षं झाली. रामायण-महाभारतातल्या बायकांवर एकपात्री करते आणि रविवारी दुपारी इथल्या वाचनालयाच्या खोलीत आम्ही सात-आठ जणी एकमेकींचं लेखन वाचतो. मी संस्कृतची पंडित नाही. पण अशी बरीच हस्तलिखितं हाताखालून गेली आहेत, आणि माझी स्वतःची एक चांगली आपटलेली आहे, त्या भांडवलावर लिहिते.

हक्काचा प्रश्न मी जरा मागे ठेवते, कारण तुमची खरी अडचण ती नाही. हक्क नाही असं मनापासून वाटलं असतं तर तुम्ही ३०० पानं लिहिली नसती. अडचण तुमच्याच पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही कंसात टाकून दिलंय: ‘सासू-सासऱ्यांना माझी धाकटी जाऊ सांभाळते, म्हणून मला निदान लिहायला वेळ मिळतो.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं.

ऊर्मिला कोण? लक्ष्मणाची बायको, जिला मागे ठेवून तो १४ वर्षं गेला. राजवाड्यात तीन विधवा सासवा, एक बिनराजाचं सिंहासन आणि ही. तुम्ही मात्र नवऱ्याबरोबर निघालात. घर सोडलंत, पदवी गुंडाळून ठेवलीत, अनोळखी मुलखात गेलात, जिथे तुमचं कायदेशीर अस्तित्व ‘अमक्याची बायको’ एवढंच होतं. गोष्टीत ही जागा सीतेची आहे. ऊर्मिलेची जागा नाशिकला तुमच्या जाऊबाईंकडे आहे. तुम्ही स्वतःचा एकटेपणा घेतला आणि तो दुसरीच्या अंगावर चढवला. माप बसत नाही म्हणून ती खोटी वाटते.

यावर तुम्ही म्हणाल, वाट बघणं तर मीही केलं. केलंत. ग्रीन कार्डाची, परवानगीच्या कागदाची, संध्याकाळी गाडीच्या आवाजाची. पण बरोबर जाऊन वाट बघणं आणि मागे राहून वाट बघणं यांत फरक आहे. मागे राहिलेलीच्या हाताला सगळं घर असतं, सासूची औषधं असतात, लोक येऊन विचारत असतात. बरोबर गेलेलीच्या हाताला काहीच नसतं. तुमच्या चौथ्या प्रकरणात ऊर्मिला दुपारभर खिडकीशी बसून रस्ता बघते. अयोध्येच्या सुनेला दुपारभर खिडकीशी कोण बसू देईल? ती खिडकी ओहायोतली आहे.

ऊर्मिलेचं मौन फोडणारे आपण पहिले, असंही कुणी समजू नये. वाल्मीकीनं तिचं नाव लग्नात घेतलं, सुनांच्या स्वागतात घेतलं आणि मग जवळपास सोडूनच दिलं, ही तक्रार रवींद्रनाथांनी शंभर वर्षांपूर्वी केली. महावीरप्रसाद द्विवेदींनी ती हिंदीत उचलली आणि त्यातून मैथिलीशरण गुप्तांचं ‘साकेत’ आलं. सगळे पुरुष. त्यांची ऊर्मिला सुंदर रडते. तेलुगू बायकांच्या गाण्यातली ऊर्मिला मात्र १४ वर्षं झोपून जाते, आणि लक्ष्मण परत येऊन पलंगाशी उभा राहतो तेव्हा त्याला ओळखत नाही. कोण हा परका घरात शिरला, म्हणून त्याला दटावते. नवरा परदेशाहून पाच वर्षांनी आलाय आणि लेकरू त्याला बघून आईच्या पदरामागे लपतंय, हे ज्या घरांनी पाहिलंय त्यांना या गाण्याची टीप द्यावी लागत नाही.

आता थोडं ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे सांगून टाकते, नाहीतर मी सगळ्या बाहेरच्या बायकांना एका सुपात पाखडते असं वाटेल. लग्न होऊन आलेली आणि इथेच जन्मलेली यांचं पुराणाशी नातं वेगळं असतं. तुमच्याकडे आजीची गोष्ट आहे, टीव्हीवरच्या रविवार सकाळी आहेत. इथे वाढलेल्या मुलीकडे बहुतेक वेळा अमर चित्र कथेचे अंक आणि देवळातला उन्हाळी वर्ग असतो. आमच्या गटातल्या अशा एका मुलीनं शूर्पणखा लिहिली, कारण शाळेत सहा वर्षं तिला नाकावरून चिडवलं होतं. तिला संस्कृत येत नव्हतं, मराठी तोडकं, पण पहिल्या पानापासून कुठेही खोट नव्हती. कापलेलं नाक तिला आतून माहीत होतं. (शूर्पणखेकडे मराठीतून आधीच कुणीतरी वळलं होतं, आणि तेही परदेशात राहून: इंग्लंडात स्थायिक झालेल्या तारा वनारसे यांची ‘श्यामिनी’. आमच्या गटात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.) कुणाचं माहेर तिकडे शाबूत आहे, कुणाचं विकून झालंय, कुणाच्या गावाकडच्या लोकांना या लेखनापायी त्रास होऊ शकतो, यानंही गोष्ट बदलते. तेव्हा पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे, सरसकट नियम म्हणून नाही.

माझं आपटलेलं एकपात्री. सन १९९८, मंडळाचा गणेशोत्सव, शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल. सीता मी लिहिलेली. शेवटच्या प्रवेशात ती रामाकडे बोट रोखून दहा मिनिटं बोलते: माझा देह माझा आहे, मी कुणाला पुरावा देणं लागत नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. नंतर स्वयंपाकघरात मसालेभाताचे ट्रे धुताना मुलाकडे आलेल्या वाईच्या एक आजी शेजारी उभ्या होत्या. पुसलेली पळी खाली ठेवत म्हणाल्या, ‘चांगलं झालं हो. पण तुमची सीता इंग्रजीतून रागावते.’

मला राग आला. शब्द तर सगळे मराठी होते. पण घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, वाक्यं मराठी होती आणि कणा मी त्या वर्षी वाचत असलेल्या अमेरिकन पुस्तकांचा होता. पुढच्या आठवड्यात मी आजींना फोन केला आणि विचारलं, मग तुमची सीता कशी रागावते? त्या हसल्या आणि जात्यावरची ओवी म्हणाल्या:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

दोन ओळी. ज्याला देव म्हणून हात जोडायचे त्याला तराजूत घातलाय, तोलून कमी भरलाय म्हणून सांगितलंय, आणि जातं फिरतंच आहे. ‘हलक्या दिलाचा’ हा शब्द बघा. क्रूर म्हटलेलं नाही, अन्यायी म्हटलेलं नाही. मन हलकं. वहिनीनं दिराबद्दल माजघरात बोलावं तसं. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणात एवढा घाव नव्हता.

पुढच्या वर्षी मी भाषण काढून ही ओवी घातली. मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांनी संहिता आधी मागवली आणि एकच ओळ लाल केली, ‘हलक्या दिलाचा’. म्हणाले, हे तुम्ही रामाबद्दल काय लिहिलंय? अख्ख्या संहितेत तेवढीच ओळ माझी नव्हती. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांनी पहाटे दळताना गायलेली होती. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत आणि त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तुम्हाला पहिला गृहपाठ सांगायचा तर हाच: आठवडाभर लिहू नका, कानाला लावून भांडी घासा.

इथून मी ज्याला फार महत्त्व देते त्याकडे येते. मूळ कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे लिहिणारीला स्वतःला माहीत हवं. वाचकाला सांगायचं की नाही हे नंतर ठरवा. यात माझ्या गुरू इरावती कर्वे, न भेटलेल्या. त्यांना आपण पुण्याच्या समजतो, पण जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशातला, नाव इरावती नदीवरून, पीएच.डी. बर्लिनची. म्हणजे त्याही जन्मानं बाहेरच्याच. ‘युगान्त’मधला द्रौपदीवरचा लेख आठवा. हिमालयात द्रौपदी कोसळते, धर्म मागे वळून बघत नाही, भीम तिच्यापाशी येतो, आणि ती म्हणते की पुढच्या जन्मी तू थोरला भाऊ हो. तिचं कोसळणं महाभारतात आहे, हा भीमाचा प्रसंग नाही. बाईंनी रचला. पण इंग्रजी आवृत्तीत त्यांनी तिथेच टीप दिली आहे की इथवरचं महाभारताच्या संशोधित आवृत्तीवर आधारलेलं, इथून पुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, कवडीमोल गोष्ट, शब्द एकनाथांकडून उचललेला. जगभर द्रौपदीबद्दल बोलताना लोक हटकून तो भीमाचा प्रसंगच सांगतात, आणि लिहिणारीनं त्यालाच करवंटी म्हणून ठेवलंय. एवढा आत्मविश्वास ज्याला आहे त्यालाच इतकं नम्र होता येतं.

आमच्या गटात आम्ही समासात पेन्सिलीनं ‘न’ लिहितो. न म्हणजे नरोटी. गंमत अशी की पुष्कळदा जिथे ‘न’ येईल असं वाटतं तिथे येत नाही आणि उलट. दुर्योधन मयसभेत पडतो आणि द्रौपदी ‘आंधळ्याचा पोरगा आंधळा’ म्हणते, हे आपण मूळ समजून चालतो. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ खपून जी संशोधित आवृत्ती केली तीत तो पडतो तेव्हा भीमासकट बाकीचे पांडव हसतात, द्रौपदीचं नावही नाही. ती बायकांबरोबर हसली हे नंतर दुर्योधनच बापाला सांगतो, आणि ते आंधळ्याचं वाक्य तर त्याच्याही तोंडी नाही. एका बाईच्या जिभेमुळे युद्ध झालं, ही पुढच्या लोकांची नरोटी, टीव्हीनं घराघरांत पोचवलेली. कित्येक नव्या लेखिका द्रौपदीला त्या वाक्याबद्दल पश्चात्ताप करायला लावतात. न केलेल्या गुन्ह्याची माफी!

उलट बाजूही सांगते. चित्रा बॅनर्जी दिवाकारुणी यांची ‘द पॅलेस ऑफ इल्यूजन्स’ २००८ मध्ये आली तेव्हा आमच्याकडच्या एका काकांनी, द्रौपदीचं मन कर्णावर होतं हे अमेरिकन थेर आहेत असं ठणकावलं. मी त्यांना शाहीर विठ्ठल उमपांचं जांभूळ आख्यान ऐकवलं. पाच नवरे असताना द्रौपदीच्या मनात कर्णही आहे, हे आपल्याकडे रात्र-रात्र जागून, संबळाच्या तालावर, बायकापोरांसकट ऐकलेलं आहे. काका गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, गाणं फार चांगलं होतं म्हणून. दिवाकारुणी मूळच्या कोलकात्याच्या, शिकवायला ह्यूस्टनला. पण त्यांच्याबद्दल मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरात मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘मैत्री’ नावाची हेल्पलाइन सुरू झाली, तिच्या संस्थापकांत त्या आहेत. भर सभेत प्रश्न विचारणारी आणि उत्तर न मिळणारी बाई त्यांनी नुसती ग्रंथात पाहिली नसणार, असं मला तरी वाचताना जाणवतं.

तुमच्या गटातल्या बाईंच्या ‘सोडून का जात नाही’ या प्रश्नाकडे येते. प्रश्न वाईट नाही, त्याला उत्तर द्यायची जबाबदारी ऊर्मिलेची नाही एवढंच. एच-४ वर असताना तुम्ही नवऱ्याला सोडलं असतं तर व्हिसाचं काय झालं असतं, हे त्या बाईंना ठाऊक आहे का? तुमच्या इंग्रजी वाचकाला ‘निघून जाणं’ म्हणजेच स्वातंत्र्य वाटतं. आपल्या गोष्टींत मात्र बरोबर जाण्यासाठी भांडावं लागतं. अयोध्याकांडातली सीता उघडून बघा. राम म्हणतो तू थांब, जंगलात काटे आहेत. ती आधी समजावते, मग चिडते आणि म्हणते, माझ्या बापाला काय माहीत की जावई म्हणून पुरुषाच्या देहातली बाई मिळाली! (ही शिवी बायकांना कमीपणा आणणारी आहे, म्हणून आजच्या लेखिका ती गाळतात. मी गाळत नाही. चिडलेली माणसं हाताशी असेल तीच शिवी देतात.) अध्यात्म रामायणातली सीता तर युक्तिवादच वेगळा करते: इतकी रामायणं झाली, त्यांत कुठे सीता रामाबरोबर गेली नाही असं ऐकलंय का? आणि अरण्यकांडात हीच सीता रामाला सुनावते की तुमचं राक्षसांशी वैर नाही, मग कारण नसताना त्यांना मारायला का निघालात. परक्या मुलखात आल्यावर तिथल्या लोकांशी कसं वागायचं, हा प्रश्न तिघांत फक्त तिला पडतो.

‘डायस्पोरा’ म्हटलं की आपल्याला विमान आठवतं, यावरही एक टोचणी. आपल्या आधी बोटीनं गेलेल्या बायका आहेत. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजीच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर गेलेल्या. त्यांत एकट्या निघालेल्या पुष्कळ होत्या, विधवा, टाकलेल्या, घरातून पळालेल्या. त्यांच्याबरोबर तुलसीदास गेला. वनवास हा शब्द त्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको होता. पण त्याच्या ‘रामचरितमानसा’त सीतेचा दुसरा वनवास, गरोदरपणी टाकल्याचा, सांगितलेलाच नाही. तो राहिला बायकांच्या गाण्यांत. भोजपुरी सोहरात, म्हणजे मूल झाल्यावर गायच्या गाण्यांत, सीतेला जंगलात मुलं होतात, ती न्हाव्याहाती अयोध्येत आनंदाची बातमी धाडते, सासूला, दिराला, आणि बजावते, रामाला सांगू नकोस. त्रिनिदादच्या रामाबाई एस्पिने यांची ‘द स्विंगिंग ब्रिज’ (२००३) हाच धागा धरते: कॅनडात राहणारी एक बाई आपल्या पणजीची गाणी शोधत जाते, आणि ती पणजी बनारसेहून एकटी बोटीत चढलेली विधवा आहे. पोथी पुरुषांकडून आली, गाणी बायकांकडून. तुम्ही कुठल्या वारशावर लिहिताय ते बघा. तुमच्या प्रकरणांत मला पोथी दिसते, टीव्ही दिसतो, गाणं दिसत नाही.

आणि अग्निपरीक्षा हे रूपक वाटत असेल तर १९७९ चा लंडन आठवा. त्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची, लग्नासाठी आली आहे म्हणते ते खरं का हे पाहायला, कौमार्यचाचणी केली. बातमी फुटल्यावर ओरड झाली. त्याच वर्षी लंडनच्या साउथॉल भागात साउथॉल ब्लॅक सिस्टर्स हा बायकांचा गट उभा राहिला आणि त्या बायकांनी रामलीला केली, ज्यात रावण म्हणजे त्यांना छळणारी सत्ता होती. मला हे फार आवडतं. त्यांनी सीतेला ‘आधुनिक’ करायला काही केलं नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनी ते काम आधीच करून ठेवलं होतं.

भाषेबद्दल थोडंच. तुम्ही इंग्रजीत लिहिताय, लिहा. पण विचार कुठल्या शब्दात सुरू होतो ते तपासा. माझ्या पहिल्या मसुद्यात, इंग्रजी कार्यक्रमपत्रिकेसाठी, मी लिहिलं होतं की सीतेला पृथ्वीनं गिळलं. मराठीत आपण असं म्हणतच नाही. आपण म्हणतो, धरणीनं पोटात घेतलं. पहिल्या वाक्यात बाई मरते, दुसऱ्यात ती आईच्या पोटात परत जाते. वाल्मीकीकडेही ती धरणीला देवी म्हणून साद घालते, मला जागा दे म्हणते. आमच्या मिरजेकडच्या कुठल्याही बाईला विचारा सीता शेवटी कुठे गेली. ती सांगेल, माहेरी. हा एक शब्द मी इंग्रजीत पंचवीस वर्षं शोधतेय. नसेल तर नसू दे, पण तुमच्या पानावर त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे. साडे बारा हजार किलोमीटरवर माहेर असलेल्या बाईनं तो शब्द ‘पॅरेंट्स हाउस’ म्हणून उरकू नये.

आता हक्क. हक्क आहे. तो बाहेर राहिल्यानं जात नाही आणि बाहेर राहिल्यानं वाढतही नाही. लांबून जास्त स्पष्ट दिसतं असं आपल्याकडच्या काही लेखिका म्हणतात, ते मला पटत नाही. लांबून डोंगर स्पष्ट दिसतो, डोंगरावरची पाणी आणणारी बाई दिसत नाही. लाक्षागृहाची गोष्ट सांगताना कुंती आणि पाच मुलगे वाचले म्हणून आपण सुस्कारा टाकतो. त्यांच्या जागी जळाली ती निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे. तिच्यावर महाश्वेता देवींनी लिहिलं. इथल्या आमच्यासारख्या लेखिकांनी लिहिल्या त्या बहुतेक राजकन्याच, मीही त्यात आले. आपल्या घरी पोरं सांभाळायला येणारी बाई कुठल्या देशातली, तिचं नाव काय, तिच्यावर कोण लिहितंय, हेही हक्काच्या हिशोबात धरायला हवं.

आईच्या सांगण्याचं काय, हे मी ठरवू शकत नाही. त्या भक्तीनं म्हणतायत की भीतीनं, हे विचारून बघा. भक्ती असेल तर ओव्या त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येत असतील, बोलतं करा. भीती असेल तर ती खरी आहे. पुस्तक इथे छापलं तरी शिव्या नाशिकच्या घरी जातात. माझ्या गटातल्या एकीनं म्हणून लग्नाआधीचं आडनाव घातलं नाही. तो पळपुटेपणा नाही.

म्हणजे हस्तलिखिताचं काय करायचं? एवढं करा. खिडकीची सगळी पानं वेगळी काढा. ती सीतेला द्या किंवा कुणालाच देऊ नका, तुमच्या नावानं लिहा, ओहायोतली म्हणून. ती तुमची सर्वांत चांगली पानं आहेत. मग ऊर्मिला नव्यानं सुरू करा, आणि त्यासाठी जाऊबाईंना फोन लावा. मुलाखत म्हणून नको. त्यांची दुपारची झाकपाक झाली की, म्हणजे तुमच्याकडे पहाट असेल. ‘आम्ही निघालो त्या दिवशी विमानतळावरून परत गेल्यावर तू काय केलंस?’ एवढंच विचारा आणि मग बोलू नका.

मी हे फार उशिरा विचारलं. माझी जाऊ मिरजेला. सासूबाईंचं शेवटची सहा वर्षं सगळं तिनं केलं. मी दर दोन वर्षांनी जायची, तिच्यासाठी स्वेटर न्यायची, इथल्या सेलमधला, चांगल्यातला. सासूबाई गेल्यावर कपाट आवरताना तिच्या कप्प्यात ते सगळे स्वेटर सापडले, नऊ, एकावर एक, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, मधे डांबरगोळ्या. मिरजेत स्वेटर लागण्याइतकी थंडी किती दिवस पडते? मी विचारलं, घातले का नाहीस, निदान कुणाला दिले का नाहीस. ती म्हणाली, ‘तुम्ही आल्यावर विचारलंत तर दाखवायला हवेत ना.’

माझ्या एकपात्रीतली ऊर्मिला आता दर पावसाळ्यानंतर लक्ष्मणाची रेशमी वस्त्रं उन्हात घालते, कडुलिंबाचा पाला घालून परत घडी करते. चौदा पावसाळे. शेवटी तो येतो, आणि ती वस्त्रं त्याला होत नाहीत.